चंद्रावरून आईला

चंद्रमोहिमेच्या सरावाच्या फॉर्मवर शेवटचे दोन प्रश्न उरले होते.

पहिला: गेल्या वर्षभरात घटस्फोट, मोठं आजारपण, घरात मृत्यू, यांपैकी काही? दुसरा: तुम्ही आत असताना घरी काही वाईट घडलं, तर कळवायचं का?

"पहिल्याला 'हो' म्हटलंस की वर्षभर बाहेर बस," शेजारी बसलेली लुपे अरियागा कुजबुजली. ती या तुकडीची वैमानिक. "मागच्या खेपेला एकानं घटस्फोट कबूल केला. बिचारा अजून कॉलेजात पोरांना ग्रहणं शिकवतोय."

"आणि दुसऱ्याला?"

"ते तुझं तू बघ बाई. मी 'कळवा' लिहिलंय. माझ्याच्यानं नाही राहवायचं."

मार्ना टोलफसननं दोन्ही ठिकाणी 'नाही'वर खूण केली. पेन कुठंही अडखळलं नाही.

एकेचाळीस वर्षांची होती ती. ताऱ्यांच्या स्फोटांवर पीएचडी केली, मग ते सोडून चंद्रावरच्या धुळीच्या मागे लागली, ती पंधरा वर्षं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीत शास्त्रज्ञाची एकच जागा होती. सरावाचे आठ महिने न सोडता काढले, तर ती जागा तिची. पुढची खेप कधी निघणार, देव जाणे.

सरावाचा चंद्र ह्यूस्टनमधल्या एका हँगरात होता. दळलेल्या दगडाची करडी माती, काळं रंगवलेलं छत आणि मधोमध पत्र्याचं घर. बाहेर पार्किंगमध्ये लोक बार्बेक्यू करायचे आणि आत तुकडीतली ही चौघं हवाबंद कपडे चढवून दगड वेचायची. त्यावर हसलेलं वरच्यांना खपायचं नाही.

दर रविवारी घरी पत्र लिहायचंच, असा नियम होता. जो लिहीत नसे त्याच्यावर डॉक्टरांचा डोळा. मार्नाची आई, बर्निस, मिनेसोटात एकटी राहायची आणि कॉम्प्युटरच्या वाटेला कधी गेली नव्हती. त्यामुळे मार्नाची पत्रं नियंत्रण कक्षातला वेंडेल कागदावर छापून टपालात टाकी. वेंडेल सत्तरीला टेकलेला. रोज सकाळी त्याचा आवाज स्पीकरवर यायचा, "पोरांनो, उठा. सूर्य उगवलाय असं समजा."

मार्नानं तीन रविवार तीन पत्रं लिहिली. धूळ, जेवण, झोप. चौथ्या रविवारी तिच्या स्क्रीनवर उत्तर आलं. खाली लिहिलं होतं, 'हस्ताक्षरावरून टाइप केलं, वेंडेल.'

'पोरी, पत्रं मिळाली. गुडघे कुरकुरतात, बाकी बरं आहे. तू नीट जेवतेस ना?'

मार्नानं ते चार वेळा वाचलं. मग उठून पाणी घ्यायला गेली. ग्लास भरून वाहायला लागला तरी तिच्यानं नळ बंद होईना.

"अगं बाई, चंद्रावर आहेस, माहेरी नाही!" लुपेनं धावत येऊन नळ बंद केला. "काय झालं?"

"आईचं पत्र आलं."

"मग भूत बघितल्यासारखा चेहरा कशाला?"

मार्ना सांडलेलं पाणी पुसायला लागली. त्या रात्री तिला झोप लागली नाही, पण पुढच्या रविवारी तिनं दोन पानं लिहिली.

दिवस एकासारखे एक गेले. तिला राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. काही म्हणता काही वाटत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची. फक्त रविवारी ती सगळ्यांच्या आधी उठून स्क्रीनपुढे बसायची.

एकदा पत्रात सफरचंदाच्या केकची कृती आली. त्यात दालचिनी होती. बर्निसला दालचिनीचा वाससुद्धा सोसत नसे. मार्नानं उत्तर लिहिलं, 'पुढच्या वेळी दालचिनी थोडी जास्त घाल.'

सहाव्या महिन्यात लुपेनं तिच्या खांद्यावरून एक पत्र वाचलं.

"तुझी आई तुला 'मार्नी' म्हणते ना? मग हे 'पोरी' कुठून आलं?"

मार्ना हातमोजे शोधू लागली.

"खरं सांग. ही तुझ्या आईची पत्रं वाटतात तुला?"

"फॉर्मवर मी काय लिहिलंय, तुला माहितीये."

"चुलीत गेला तो फॉर्म! सराव सोडायचं ते लाल बटण दाब. दहा मिनिटांत बाहेर जाशील, घरी फोन करशील."

"आणि जागा?"

"जागा जाईल. पण आई आहे की नाही, एवढं तरी कळेल!" लुपेचे डोळे भरून आले होते. "दगड आहेस नुसता."

"आज किती वेचायचेत?" मार्नानं विचारलं आणि हातमोजे चढवले.

आठ महिने संपले. दार उघडलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी डोनट आणले होते. गर्दीच्या मागे वेंडेल उभा होता. त्याच्या हातात तीन पाकिटं होती.

"पोरी, बस जरा," तो म्हणाला. तिला बाकावर बसवून तो स्वतः मात्र उभाच राहिला. "तुझी पहिली तिन्ही पत्रं परत आली. वर शिक्का होता, ही व्यक्ती हयात नाही. तू आत गेलीस आणि तुझी आई गेली. कळवायचं नाही, असं तूच लिहिलेलं. आणि तू तर दर रविवारी लिहीतच होतीस. मला राहवेना गं. ती उत्तरं माझी होती."

"आणि तो केक?"

"माझी बायको करायची." त्यानं पाकिटं पुढे केली. "माफी मागायलासुद्धा तोंड नाही मला."

मार्नानं पाकिटं हातात घेतली. उलटून पाहिली.

"कधी गेली, तारीख कळली?"

"नाही. कुणाला विचारायचा धीरच झाला नाही."

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. अशी बातमी ऐकूनही ती इतकी खंबीर राहिली, असं ते म्हणाले. यादी सोमवारी लागेल, पण जागा तिचीच आहे.

ते गेल्यावर वेंडेल तोंड फिरवून रडत होता. मार्नानं त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ती पत्रं मला छापून द्याल?" ती म्हणाली. "सगळी हवीत."

त्यानं मान डोलावली. मार्नानं तिन्ही पाकिटं खिशात घातली. आईच्या शवपेटीवर तिनं स्वतःच्या हातानं माती टाकली होती, फॉर्म भरला त्याच्या नऊ दिवस आधी.