तीन हिसके

पाईप ओढला की मुकाट येत होता, आणि त्याचंच काचवाल्याला वाईट वाटत होतं. कुठे अडकला असता तर निदान ओरडायला निमित्त मिळालं असतं. सकाळपासून नवरा-बायकोत अबोला होता. तो इमारतीच्या पुढच्या बाजूला, पाण्याचा पाईप जोडलेल्या लांब दांड्याच्या ब्रशने वरच्या मजल्याच्या काचा धूत होता. ती मागच्या बाजूला गाडीपाशी टाकी, पंप आणि पाईप सांभाळत होती. दोघांच्या मध्ये अख्खी इमारत होती, पण भांडण तिच्याहून मोठं होतं.

भांडणाचं कारण पाईपच. आदल्या दिवशी मेहुण्याकडे जेवायला गेले असताना मेहुण्याच्या सासऱ्यांनी विचारलं, की धंद्यात ही नेमकं काय करते. काचवाला घास गिळून म्हणाला, "पाईप सोडते. पाईप काय, कुणीही सोडेल." सगळे हसले. ती हसली नाही. सकाळी गाडीत बसताना तिने एवढंच सांगितलं, की ही इमारत शेवटची, उद्यापासून ती बहिणीच्या शिलाईच्या दुकानात बसणार. त्यानंतर तोंडाला कुलूप.

आता पाईप सोडणं म्हणजे काय, हे काचवाल्याला खरोखर ठाऊक नव्हतं. गाडीचं चाक, बाकाचा पाय, कुंडी, भिंतीचा कोपरा, सगळे पाईपवर टपून बसलेले असतात. ती आधी चाकाला लाकडी ठोकळा लावायची, म्हणजे पाईप चाकाखाली शिरत नसे. कोपऱ्यावर पालथी बादली ठेवायची, म्हणजे तो वळसा घेऊन अलगद निघायचा. उरलेला पाईप सैल वेटोळ्यांत अंथरायची, एक वेटोळं उजवं, एक डावं, म्हणजे पीळ बसत नसे. काचवाला पुढे तोंड करून काचा धुवायचा. त्याला वाटायचं, आपला पाईप स्वभावानेच गुणी आहे.

पंपाच्या घरघरीत हाक पोचत नसे, म्हणून दोघांची हिसक्यांची भाषा होती. पाईपला एक हिसका म्हणजे सैल सोड. दोन म्हणजे पाणी बंद. तीन म्हणजे चुकलं माझं, आणि त्यावर समोरून एक लांब ओढ आली की समजायचं, जाऊ दे, झालं गेलं. लग्न नवं असताना हे ठरलं होतं. तीन हिसके आजवर मागूनच पुढे आले होते. आपलं कधी चुकतच नाही, असं काचवाल्याचं प्रामाणिक मत होतं.

आज मात्र काच धुता धुता त्याला उद्याचा दिवस दिसला. गाडीपाशी भलतंच कुणीतरी. डबा उघडून एकट्याने बसायचं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि पाईपला तीन हिसके दिले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाईपला लांबलचक ओढ बसली, एवढी जोरात की ओला ब्रश काचेवरून घसरून त्याच्या टोपीवर आला. काचवाल्याचं काळीज सुपाएवढं झालं. त्याने आणखी तीन हिसके दिले. पुन्हा ओढ. मग त्याला राहवेना. पाईप छातीशी धरून तो चक्क बोलायला लागला. तुझ्यावाचून माझं पान हलत नाही, म्हणाला. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काचा धुताना फरशीवर पाणी मीच सांडलं आणि नाव तुझं घेतलं, म्हणाला. दर वाक्याला तीन हिसके, आणि दर वेळी उत्तर, कधी कधी तर न विचारता. एवढी माया बायकोने कधी दाखवली नव्हती.

डोळे पुसायला तो वळला, तर मागे बायको उभी. गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवून निघून जावं म्हणून ती दुसऱ्या बाजूने वळसा घालून आली होती. केव्हाची उभी होती कोण जाणे.

काचवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग पाईपकडे. पाईपला अजून हिसके बसत होते.

"मग तिकडे कोण आहे?" त्याने विचारलं.

तिने कोपऱ्याकडे मान केली. तो जाऊन बघून आला. बादलीपाशी रखवालदाराचं कुत्रं पाईप दातांत धरून, चारी पाय रोवून, शेपूट हलवत उभं होतं. काचवाला खाकरला. आपण पाईप नीट आहे ना ते तपासत होतो, असं तो टोपी पिळत म्हणाला.

तिने किल्ली खिशात टाकली आणि त्याच्या हातून दांडा घेतला. "उरलेल्या काचा मी धुते. तुम्ही मागे जा. पाईप काय, कुणीही सोडेल."

तो मागे गेला. मधे मधे काय येतंय म्हणून त्याने आधी बादली उचलली आणि ठोकळाही काढला. पहिल्याच काचेला पाईप अडला. तिने एक हिसका दिला. कोपऱ्यामागे कुंडी फुटल्याचा आवाज आला. दुसरा हिसका देईपर्यंत बाक पडला. मग पाणी थांबलं, पुन्हा आलं, आणि कुणीतरी ओलंचिंब होऊन स्वतःलाच शिव्या देत असल्यासारखं ऐकू आलं.

आणि पाईपला तीन हिसके बसले. हळू, चाचरत दिलेले.

तिने पाईप दोन्ही हातांत घेतला, आणि थांबली. आधी खाली पाहिलं. खेळून दमून तिच्यामागे आलेलं कुत्रं पायाशी गाढ झोपलेलं आहे, याची नीट खात्री करून घेतली, आणि मग एक लांब ओढ दिली.