टोस्टरमधला पाव

"बाबा, हात कोरडे आहेत का तुमचे?"

"थोडे ओले आहेत," यादवराव फोन कानाशी घट्ट धरीत म्हणाले. "आत्ताच तांदूळ धुतले."

"मग किटलीच्या प्लगला अजिबात हात लावू नका! आधी टॉवेलला पुसा. आणि किटलीची खालची बैठक ओली असेल तर तीही पुसा. पाणी आणि वीज एकत्र आली की संपलं."

"पुसतो," यादवराव म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

धम्मदीपा वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती, यादवराव खाली स्वयंपाकघरात. मध्ये एक अरुंद, शिडीसारखा उभा जिना होता. त्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर जेवणाचे ताट ठेवून तत्काळ माघारी फिरणे, एवढीच यादवरावांना मुभा होती. नागपुराहून ते लेकीकडे परदेशात, डेल्फ्टला दोन महिन्यांसाठी म्हणून आले, आणि जगभर साथ पसरून विमाने बंद झाली. पुढे धम्मदीपेलाही त्या साथीने गाठले. पत्नीच्या निधनानंतर यादवरावांना या जगात हेच एक माणूस उरले होते.

इथल्या रीतीप्रमाणे डॉक्टरीणबाई घरी येत नसत, फोनवरूनच विचारपूस करीत. त्यांचे म्हणणे सुमित मराठीत सांगे. सुमित हा धम्मदीपेचा विद्यापीठातला सहकारी. भाजीची पिशवी दाराबाहेर ठेवून तो खिडकीतून हात जोडी. ताप येईल, खोकला राहील, त्याने घाबरून जाऊ नये. परंतु श्वास अपुरा पडू लागला तर रुग्णालयात न्यावे लागेल, असा निरोप त्याने आणला होता.

"कसं वाटतंय, बेटा?" यादवराव रोज सकाळी विचारीत.

"ठीक," धम्मदीपा म्हणे.

प्रकृतीविषयी तिचे उत्तर लहानपणापासून हेच होते. अंगात सणसणून ताप असताना ती शाळेत परीक्षा देऊन आली होती, आणि तेव्हाही ती ठीकच होती.

विजेची गोष्ट मात्र निराळी. विद्यापीठात तिचे संशोधन त्याच विषयात चालले होते, आणि वडिलांच्या हाती आपले स्वयंपाकघर सोपवावे लागले याचा तिला घोर लागला होता. यादवरावांचा जन्म गॅसच्या शेगडीवर गेलेला. इथे शेगडी विजेची, किटली विजेची, आणि भिंतीवरच्या सॉकेटला बटणच नाही.

"बटणाशिवाय बंद करायचं कसं?" यादवराव विचारीत.

"प्लग ओढून. किती वेळा सांगू? वायर धरून नाही हं. प्लग धरून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की, किटली आणि ओव्हन एकाच एक्स्टेंशनच्या पट्टीवर लावले तर चालेल काय. तिसऱ्या दिवशी विचारले की, मिक्सरची वायर एका जागी सोललेली दिसते, तिला कागद गुंडाळू काय.

"कागद? बाबा, तुम्ही मला आजाराने नाही, धसक्याने माराल!"

ती बोलू लागली की यादवराव डोळे मिटून घेत. शिकवणीला बसलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे त्यांची मान किंचित हलत असे.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "शेगडीवर पाणी सांडलंय, बेटा. पुसू का?"

"आधी... बंद करा," धम्मदीपा म्हणाली. "मग... थंड झाल्यावर... पुसा."

"आणि फडकं ओलं घेऊ की कोरडं?"

"कोरडं... बाबा. नंतर... बोलू."

त्या दिवशी यादवरावांनी पुढे काही विचारले नाही. मऊ भाताचे ताट वर ठेवून ते खाली आले आणि सुमितशी फोनवर बोलले. सायंकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः धम्मदीपेला फोन केला. धम्मदीपेने त्यांनाही आपण ठीक असल्याचेच सांगितले. शेवटी उद्या सकाळपर्यंत वाट पाहावी, सुधारणा नसेल तर रुग्णवाहिका बोलवावी, असे ठरले.

सकाळी यादवरावांनी खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी ओढून घेतली व फोन लावला.

"कसं वाटतंय, बेटा?"

"ठीक."

यादवराव डोळे मिटून बसले. नंतर घसा खाकरून म्हणाले, "एक विचारायचं होतं. टोस्टरमध्ये पाव अडकलाय. सुरी घालून उपसतोय, पण निघत नाही."

"सुरी? सुरी आधी बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता, आतल्या तारा उघड्या असतात बाबा, त्यांत वीज खेळत असते, आणि इथे भिंतीवर बटण नसतं हे मी हजारदा सांगितलंय, प्लग ओढल्याशिवाय काही बंद झालं असं धरायचंच नाही, मग तो टोस्टर गार होऊ द्यायचा, मग उलटा करून हलवायचा, आणि एवढा छान भात जमतो तुम्हाला, मग ही साधी गोष्ट डोक्यात कशी शिरत नाही!"

यादवरावांनी डोळे उघडले. ते पाणावलेले होते.

"चुकलं, बेटा."

"चुकलं काय? तुम्हाला काही झालं तर मी वर पडून काय करू?"

"खरं आहे. आता नाही घालणार सुरी."

त्यांनी फोन ठेवला आणि थोड्याच वेळात सुमितचा आला.

"काका, काय चालवलंय तुम्ही? तिचा मला मेसेज आलाय, बाबांना आवर म्हणून. निघाला का तो पाव?"

"कसला पाव? टोस्टर कपाटात आहे. ती आजारी पडली त्या दिवसापासून मी तो बाहेर काढलेलाच नाही."

"मग हे रोजचं..."

"डॉक्टरीणबाईंना कळव, सुमित," यादवराव म्हणाले. "आज ती माझ्यावर एका दमात ओरडली. मध्ये कुठेही थांबली नाही."