चर्चमागच्या शेतातली माती

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा दोर्ते शेडमध्ये स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या पेट्या धूत होती.

"तुमच्या मातीत मर रोगाची बुरशी सापडली नाही," पलीकडची बाई म्हणाली. "एक कणसुद्धा नाही. पण एक विचारू का? हे नक्की शेतच आहे ना? चाळणीवर अंड्यांची टरफलं आलीत. आणि पिसं."

चर्चमागच्या शेतात दोर्तेला वसंतात बारा हजार रोपं लावायची होती. पण त्या जमिनीत तीस वर्षं बटाटे झाले होते, आणि बटाट्याची मर स्ट्रॉबेरीलाही सोडत नाही. म्हणून तर नमुना पाठवला होता. माती भरायच्या दिवशी ती बेटावरून बोटीने दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. माती वडिलांनी भरली होती.

एगॉन स्वयंपाकघरात राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा मांडत होते. वय एक्याऐंशी, हात अजून स्थिर.

"बाबा, माती कुठली भरलीत?"

"शेतातली."

"शेतात कोंबड्या कधीपासून अंडी घालायला लागल्या?"

एगॉननी सुरी खाली ठेवली.

"खुराड्यामागची माती चांगली आहे," ते म्हणाले.

"असेल! मी रोपं काय खुराड्यात लावणार आहे? ऐन जूनमध्ये पानांनी माना टाकल्या असत्या, अर्धं शेत बसलं असतं. मग काय केलं असतंत?"

"तोवर वर्ष तर गेलं असतं."

"म्हणजे?"

"रोग निघाला की तू आर्हूस शहरात जाणार. त्या टोमॅटोच्या काचघरवाल्यांकडे. त्यांचं नोकरीचं पत्र बघितलं मी." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "वर्षभर तरी राहिली असतीस."

 तिथेच उभ्या उभ्या दोर्तेने रोपवाटिकेला फोन लावला आणि रोपं पाठवू नका म्हणून सांगितलं. मग खुंटीवरचा कोट काढून वडिलांच्या पुढे धरला.

"चला. या वेळी दोघं भरू."

शेतात वारा झोंबत होता. ती प्रयोगशाळेच्या कागदावर सांगितल्याप्रमाणे नागमोडी चालत दर दहा पावलांवर माती काढायची नळी खुपसू लागली, माती बादलीत टाकू लागली.

"असं नको," एगॉन म्हणाले. त्यांनी काठीने एक जागा दाखवली. "इथे. सत्त्याण्णव साली इथला बटाटा एका आठवड्यात पिवळा पडला."

तिने नळी खुपसली.

वीस पावलांवर ते पुन्हा थांबले. "त्याच्या पुढच्या वर्षी इथला. तुझ्या आईला म्हटलं, पाणी कमी पडलं."

"आणि नंतर?"

 वारा तोंडावर घेत एगॉन रस्त्याच्या दिशेने चालत राहिले. थोड्या थोड्या अंतरावर काठी टेकवायचे, आणि मागे वळून बघायचे, ती येतेय का.