माठाचं भोक

नलावडे बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या, पण आत बोटं वळवळत होती. शुक्रवारी मुलांनी आपापल्या आवडीचा प्रयोग करायचा आणि शिक्षकांनी त्याला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच केला होता. समोर तनुजाचा छोटा माठ बुडातून थेंब थेंब गळत होता. पोरीने खाली काचेची बरणी ठेवली होती आणि ती खुशाल खिडकीतून शाळेच्या घंटेकडे बघत बसली होती. उद्या पालक प्रयोग बघायला येणार होते.

शाळा सुटल्यावर बाईंना राहवलं नाही. त्यांनी माठ रिकामा करून भोक एम-सीलने बुजवलं. मग कुठे त्यांना हायसं वाटलं.

सकाळी तनुजाने माठ भरला आणि बुडाला बोट लावून पाहिलं.

"बाई, हे कोणी बुजवलं?"

"अगं, गळत होता ना."

"गळायलाच पाहिजे. पाण्याचं घड्याळ आहे ते. भोक मीच पाडलं होतं, खिळ्याने."

बरणीवर पेनने केलेल्या तासांच्या खुणा बाईंना आत्ता दिसल्या. पालक फाटकाशी जमू लागले होते.

तनुजाने खिळा त्यांच्यापुढे धरला. "जेवढं होतं तेवढंच पाडा, नाहीतर खुणा चुकतील. मी हात लावणार नाही."

माठातलं पाणी ओतून, तो उपडा घालून बाई खिळा फिरवू लागल्या. तनुजा शेजारी हाताची घडी घालून बसली.

"हळू, बाई," ती म्हणाली. तिची बोटं वळवळत होती.