दोनशे चौदा

"पुन्हा तेच?" सरांनी विचारलं.

"पुन्हा तेच, सर. तीनशे निरोगी छात्या, आणि त्यातल्या या एकीत मशीन म्हणतं, गाठ आहे."

एक्स-रे बघून फुफ्फुसातली गाठ ओळखणारं मशीन, हा तिच्या पीएचडीचा विषय. आठ महिने तिचं घोडं या दोनशे चौदा नंबरपाशी अडलं होतं. महिनाअखेरची मुदत हुकली, तर पाच वर्षं पाण्यात.

निरोगी फिल्म कमी पडल्या, तेव्हा प्रत्येकाने घरची धडधाकट माणसं आणून उभी केली होती. तिचा गोलमटोल नवरा तर "फुकट फोटो आहे, तर जरा बारीक दिसेन असा काढा" म्हणून सगळ्यांना हसवून गेला. हिंडत्याफिरत्या माणसांच्या फिल्म. डॉक्टरांनी वरवर पाहून सही केली. मग नावं पुसून नंबर टाकले.

तिने नवे शोधनिबंध पिंजून काढले. मशीन नेमकं कुठे बघतं, ते रंगात दाखवणारी पद्धत एकात सापडली. दोनशे चौदावर लाल डाग उमटला तो डाव्या कॉलरबोनवर. ते हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. मधोमध टेंगूळ.

"सापडला चोर!" ती म्हणाली. "सर, हे टेंगळाला बिचकतंय. निबंधांत हेच तर लिहिलंय, मशीन भलतीच खूण धरून बसतं. एक मशीन म्हणे फिल्मच्या कोपऱ्यातलं अक्षर बघून रोगी ठरवायचं."

"लेबल काय आहे?"

"निरोगी."

"मग झालं. लेबल बरोबर, मशीन चूक."

कॉलरबोनच्या आसपास, त्या हाडामागे येणाऱ्या फुफ्फुसाच्या टोकातही, बघायचंच नाही, असं तिने मशीनला शिकवलं. तीन दिवसांनी दोनशे चौदा निरोगी ठरली. सरांनी पाठ थोपटली, आणि तिला चक्क रडू आलं.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं. हल्ली तो रोज धावायला जायचा आणि चांगलाच उतरला होता. शेजारीपाजारी त्याचं उदाहरण द्यायचे. तिला मात्र आठ महिन्यांत त्याच्याकडे नीट बघायलाही फुरसत झाली नव्हती. त्याचं तिला फार वाईट वाटलं.

"गप्प केलं रे बाबा एकदाचं त्या मशीनला!" तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. ढगळ शर्टाच्या आत, डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडावर तिचा अंगठा कशावर तरी अडला.

"हे काय?"

"ते होय?" तो हसला. "लहानपणी जिन्यावरून पडलो होतो. इतकी वर्षं चरबीखाली दडलं होतं, आता दिसायला लागलं."