रुवीतली रोमन भरती

"बाबा, आता पुरे ते रोमन! आपण बघायला आलोय, शिकवणी घ्यायला नाही," दिवाणखान्यात चिन्मय दबक्या आवाजात कुरकुरला.

चहा गाळणाऱ्या रेखाला ते स्वयंपाकघरात नेमकं ऐकू आलं. इथे आखातात, रुवीतल्या तिच्या चिमुकल्या फ्लॅटमध्ये दबका आवाज असा नसतोच.

मुलगा चांगला होता. इब्रीला इंजिनिअर, बोलायला नम्र. स्थळ वल्लरीनेच आणलेलं. "तू फक्त ती निळी साडी नेस," एवढंच आईला बजावलं होतं, आणि स्वतः मात्र जीन्स घालून बसली होती.

नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून रेखाने इथेच नोकरी करून लेक वाढवली. हे एवढं जमलं की ती सुटली. मागे रिकाम्या घरात आपलं काय, हा विचार अधूनमधून दाराशी येई. तिने त्याला कधी बसायला खुर्ची दिली नव्हती.

ती ट्रे घेऊन बाहेर आली, तर वल्लरीच विचारत होती, "पण काका, रोमन लोक सैन्यात भरती करताना बघत काय?" ऑफिसात माणसं नेमायचं कामच करायची ती.

चिन्मयचे वडील गुरुदत्त शाळेत इतिहास शिकवत. ते खुलले. "सुरुवातीला जमीनजुमला असलेलेच घेत. हत्यारं ज्याची त्याने आणायची. लीजन म्हणजे त्यांची पलटण, त्या शब्दाचा मूळ अर्थच निवड! पुढे बिनजमिनीचेही घेऊ लागले. उंची बघत, डोळे बघत. शिवाय ओळखीच्या माणसाचं शिफारसपत्र."

"म्हणजे आपल्या गल्फसारखंच की!" रेखा बोलून गेली.

गुरुदत्त मनापासून हसले. चहा बशीत सांडला, तरी हसतच राहिले.

"मग काका, तुमची उंची किती? चष्म्याचा नंबर? शुगर?"

"वल्लरी!" रेखाने डोळे वटारले. होणाऱ्या सासऱ्याची मेडिकल घेतेय कार्टी!

"शुगर नाही," गुरुदत्त आज्ञाधारकपणे म्हणाले. "गुडघा थोडा कुरकुरतो."

"काकू, तुम्हाला कंटाळा नाही ना येत?" चिन्मयने हळूच विचारलं. "आई गेल्यापासून आमच्या घरी जेवतानासुद्धा हेच चालतं."

"छे रे! आमच्याकडे संध्याकाळी फ्रिज तेवढा बोलतो."

चिन्मयने वल्लरीकडे पाहिलं. वल्लरी गालात हसली. रेखाने ते बरोबर टिपलं. जमलं!

"आणि लग्नाचं काय, काका? त्या शिपायांच्या?"

गुरुदत्तांनी कप खाली ठेवला. "नोकरीत असेपर्यंत कायद्याने करता येत नसे. वीस-पंचवीस वर्षं जायची. सुटल्यावर मग मोकळे."

"इतक्या उशिरा कोण करणार?"

"करत की काही जण," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

चिन्मय एसीकडे बघू लागला. वल्लरी उगाच बशा एकावर एक रचत बसली. शेवटी मुलीकडच्यांनीच पाऊल टाकायचं असतं, असं ठरवून रेखा पदर सावरत म्हणाली, "मग, स्पष्टच विचारते. आमची मुलगी पसंत आहे ना तुम्हाला?"

गुरुदत्त गडबडून उभेच राहिले.

वल्लरीने बशा खाली ठेवल्या आणि आईचा हात घट्ट धरला.

"आई, अगं, स्थळ माझ्यासाठी नाहीये. तुझ्यासाठी आहे."