घारीच्या वर

चढ थोडाच उरला होता, तेव्हा धनराज मोहाच्या झाडाला टेकून खाली बसला. "बस. माह्यानं आता नाई होत," तो म्हणाला.

ज्योत्स्नाने घाईघाईने पिशवीतली डबी काढली. जिभेखाली ठेवायची गोळी तळहातावर घेऊन ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा ठीक दिसत होता. माघात त्याच्या काळजाने दगा दिला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं. तेव्हापासून त्याचा श्वास ऐकत राहणं हेच तिचं रात्रंदिवस काम होऊन बसलं होतं.

"दुखून राह्यलं का?"

"दुखत नाई. थकलो फक्त."

"मंग चला खाली. पुरे झालं पाहणं."

त्याने वर, डोंगराच्या माथ्यावरच्या धारेकडे पाहिलं. तरणा होता तेव्हा तो इकडे जिवतीच्या डोंगरात लाईनमन होता आणि ती नागभीडला सासू-सासऱ्यांपाशी, धानाच्या बांधीत. सुट्टीवर आला की जेवण झाल्यावर तो या धारेबद्दल बोलत बसायचा. ती तांदूळ निवडता निवडता हूं हूं करायची. दुखण्यातून उठल्यावर त्याने एकच गोष्ट मागितली होती. ती धार तुला दाखवायची आहे, म्हणाला. दिवाळी झाली, धान कापून झालं आणि दोघं निघाली.

"तू जा," तो म्हणाला. "वाट सरळ वर जाते. मी इथीच बसतो."

"तुमाले इथी एकट्याले टाकून? मी नाई जात."

"मी काई पळून चाललो का? हे पाह्य, ज्योत्स्ना, मले आता ते धार चढनं होत नाई. आज नाई, अन् पुढच्या साली बी नाई. मले मालूम आहे. तू तरी पाहून ये."

इतक्या महिन्यांत त्याने हे कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि तिनेही काढू दिलं नव्हतं.  तिने गोळी त्याच्या मुठीत दिली, पाण्याची बाटली मांडीशी ठेवली आणि उठली. मोहाचं झाड दिसेनासं होईपर्यंत ती वळून वळून पाहत होती.

पुढची वाट सागातून जात होती. वाळलेलं गवत पोटरीला घासत होतं. शेवटी खडक लागला. तिने पदर खोचला, दोन्ही हात टेकले आणि वर आली. पुढे जमीनच नव्हती.

डोंगरामागे डोंगर होते. जवळचे हिरवे, त्यांच्यामागचे निळे, त्याहून मागचे इतके फिके की डोंगर कुठे संपले आणि आभाळ कुठे लागलं ते कळेना. मधल्या पठारांवर कापूस फुटून पांढरे तुकडे पडले होते. एका ढगाची सावली चालत चालत डोंगरावर चढली, पलीकडे उतरली आणि पुढच्या डोंगराला लागली. नागभीडला तिचं आभाळ शेताच्या धुऱ्यावरच्या झाडांपर्यंत जाऊन थांबायचं. जग एवढं मोठं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. तिला ते ऐकू आलं नव्हतं.

तिने चपला केव्हा काढल्या, तिलाच कळलं नाही.

तेवढ्यात तिच्या पायांखालून, दरीतून, एक घार निघाली. पंख न हलवता तरंगत तरंगत वळली आणि तिच्या पाठीवर ऊन पडलं. ज्योत्स्नाने जन्मभर घारी पाहिल्या होत्या, कोंबडीची पिलं झाकता झाकता, खालून. पक्ष्याची पाठ ती पहिल्यांदाच पाहत होती.  तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ऊन कलल्याचं तिच्या ध्यानात आलं. इतका वेळ तिला धनराजची आठवणसुद्धा आली नव्हती.

चपला हातात घेऊनच ती खडकावरून घसरत, सागाच्या पाल्यातून धावत खाली आली. तो झाडाला टेकलेला होता, मान एका बाजूला पडलेली. मूठ उघडी होती. गोळी गवतात पडली होती.

ती जागीच थांबली.  मग तिला तो घोरताना ऐकू आला.

ती त्याच्या शेजारी मटकन बसली. तेवढ्याने त्याला जाग आली.

"आली का? एवढा उशीर काऊन?"

"मी तुमाले भुलून गेली होती," ती म्हणाली. 

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. केस विस्कटलेले, गालावर खडकाची धूळ. मग तो गालात हसला. "दिसला का तेलंगणातला डोंगर? अन् खालच्या गुड्यातले घरं?"

"ते काई मले समजलं नाई. घार दिसली."

"घार?"

"ते खाली होती. मी वर. तिची पाठ पाह्यली मी."

"पाठ? कशी असते?"

ती शब्द शोधू लागली. हात पुढे करून तिने बोटं पसरली, हळूच एका अंगाला कलवली. "तांबूस. ऊन पडलं का चमकते. पंख जरासे बी हलवत नाई. नुसती जाते."

धनराज त्या हाताकडे बघत होता. एवढी वर्षं तो त्या धारेवर चढला-उतरला होता.

"मले नाई दिसली कधी," तो म्हणाला. पाय लांब करून त्याने पुन्हा झाडाला पाठ टेकली. "अजून सांग."